डीझेल ट्रकचा इंधन-पुरवठा : दोष व निदान

टाकीतील डीझेल तेल गाळून, आवश्यक त्या दाबाने, मोजक्या मात्रेत व अचूक क्षणी एंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरात पोहोचविणाऱ्या यंत्रणेस इंधन-पुरवठा यंत्रणा म्हणतात. डीझेल एंजिनात ठिणगी-गुडदी नसते. दाबामुळे तापलेल्या हवेत तेलाचा फवारा सोडला की ते आपोआप पेट घेते. त्यामुळे अशा एंजिनाच्या बिघाडांत इंधन-पुरवठ्यातील दोषांना विशेष महत्त्व असते.

इलेक्ट्रॉनीय नियंत्रण येण्यापूर्वीच्या ट्रकांत बहुधा एकरेषीय अंतःक्षेपण पंप वापरीत. जर्मनीतील बॉश कंपनीने अशा पंपांचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन १९२७ मध्ये सुरू केले. भारतात १९५१ मध्ये स्थापन झालेल्या ‘मायको’ (२००८ पासून बॉश लिमिटेड) या कंपनीने ते बनविले. येथील विवेचन अशा जुन्या ट्रकांना अनुलक्षून केले आहे.

रचना व कार्य : यंत्रणेचे दोन भाग पडतात. कमी दाबाच्या भागात टाकी, शोषण-नळी, भरण-पंप (फीड पंप) व गाळण्या येतात. टाकी सामान्यतः पंपापेक्षा खालच्या पातळीवर असल्याने भरण-पंप तेल ओढून घेतो व सु. १ ते १·५ किग्रॅ./सेंमी.² दाबाने गाळण्यांतून पुढे ढकलतो. जास्त दाबाच्या भागात अंतःक्षेपण पंप, पोलादी नळ्या व अंतःक्षेपक (नोझल) असतात. पंपात प्रत्येक सिलिंडरासाठी एक प्लंजर असून त्याच्या व नळकांड्याच्या दरम्यान केवळ ०·००२ ते ०·००४ मिमी. एवढीच फट असते. सिलिंडरात प्रत्यक्ष फवारा सोडणाऱ्या एंजिनांत अंतःक्षेपक साधारणपणे १७५ ते २५० किग्रॅ./सेंमी.² दाबास उघडतो.

हवा शिरणे : हा सर्वांत नेहमीचा दोष होय. चालकांच्या बोलीत त्यास ‘गाडीने एअर घेतली’ असे म्हणतात. तेल जवळजवळ असंपीड्य असते, हवा मात्र सहज दाबली जाते. नळीत हवेचा बुडबुडा असला, तर प्लंजरचा फटका तो बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडतो. अंतःक्षेपक उघडण्याइतका दाब निर्माण होत नाही आणि एंजिन अडखळते किंवा बंद पडते. शोषण-नळीतील दाब वातावरणापेक्षा कमी असल्याने तेथील सैल जोडातून एंजिन चालू असताना तेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणूनच हा दोष नजरेस पडणे कठीण जाते. झिजलेले वायसर, चिरलेली रबरी नळी व गाळणीची नीट न बसलेली रबरी कडी ही त्याची नेहमीची कारणे असतात. रात्रभर उभा राहिलेला ट्रक सकाळी लवकर सुरू न होणे, हे तेल नळीतून टाकीकडे परत उतरल्याचे लक्षण असू शकते.

हवा काढताना प्रवाहाचा क्रम पाळावा लागतो. भरण-पंपावरील हातपंप चालवून प्रथम गाळणीवरील, नंतर अंतःक्षेपण पंपावरील स्क्रू सैल करतात व बुडबुडेविरहित तेल येऊ लागताच तो आवळतात. शेवटी अंतःक्षेपकाकडील नट सैल करून एंजिन स्टार्टरने फिरवितात. हवा पुन्हा पुन्हा येत असल्यास ती कोठून शिरते ते शोधणे आवश्यक असते; केवळ हवा काढणे हा तात्पुरता उपाय ठरतो.

प्रवाहास अडथळा : सपाटीवर ठीक चालणारा ट्रक भरल्या मालानिशी चढणीला दम टाकू लागला, तर बहुधा गाळणी चोंदलेली असते, कारण जास्त भाराला लागणारे जास्त तेल तिच्यातून जाऊ शकत नाही. टाकीच्या झाकणातील वायुछिद्र बुजले, तर टाकीत निर्वात निर्माण होतो व काही अंतर गेल्यावर एंजिन बंद पडते. झाकण सैल करताच हवा आत शिरल्याचा आवाज येऊन एंजिन पूर्ववत चालल्यास निदान पक्के होते. अतिथंडीत डीझेलमधील मेण गोठूनही गाळणी चोंदते. लडाखसारख्या प्रदेशासाठी -३३° से. प्रवाहबिंदू असलेले हिवाळी डीझेल २०१९ मध्ये उपलब्ध करण्यात आले.

पाणी व भेसळ : अर्धवट भरलेल्या टाकीत हवेतील बाष्प थंड होऊन पाणी साचते. ते तेलापेक्षा जड असल्याने तळाशी राहते. त्यामुळे पंपाचे भाग गंजतात आणि पाणी व तेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून चिकट गाळ तयार होतो. पंपाच्या प्लंजरांना वंगण डीझेलचेच मिळते. रॉकेलची भेसळ केल्यास तेलाचा दाटपणा व वंगणक्षमता घटून त्यांची झीज वेगाने होते.

जास्त दाबाच्या भागातील दोष : काळा धूर व एखाद्या सिलिंडरातील ठोके ही अंतःक्षेपकातून फवाऱ्याऐवजी थेंब पडत असल्याची चिन्हे असू शकतात. एंजिन मंद गतीने चालू ठेवून एकेका नळीचा नट क्षणभर सैल करतात. ज्या सिलिंडराच्या बाबतीत आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करीत नसतो. तथापि काळा धूर हवेची गाळणी चोंदल्यानेही येतो, म्हणून ती आधी तपासणे योग्य ठरते.

निदानाचा क्रम : टाकी, नळ्या, गाळण्या, भरण-पंप, अंतःक्षेपक व सर्वांत शेवटी अंतःक्षेपण पंप असा क्रम श्रेयस्कर असतो. पहिल्या भागांची तपासणी रस्त्याच्या कडेला साध्या पान्यांनी होते, तर अंतःक्षेपण पंपाच्या मात्रांची जुळणी चाचणी-मंचावरच करता येते. कित्येकदा पाच मिनिटांत आवळता येणाऱ्या जोडाऐवजी सुस्थितीतील पंप उघडला जातो व मूळ दोष तसाच राहून नवे दोष उद्‌भवतात.

दक्षता : अंतःक्षेपकाचा फवारा कातडी भेदून ऊतकांत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली, तरी ती गंभीर असते व तातडीने शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागण्याचा संभव असतो. म्हणून गळती हाताने न चाचपता पुठ्ठ्याने पाहावी. पंपाची दंतपट्टी पूर्ण मात्रेच्या स्थितीत अडकली, तर एंजिन अनावर वेगाने फिरू लागते. अशा वेळी हवेचा मार्ग फळीने बंद करून ते थांबवितात. घाटात एंजिन बंद पडल्यास हवा-ब्रेकांचा संपीडकही थांबतो, त्यामुळे ट्रक सोडण्यापूर्वी चाकांना उटी लावणे आवश्यक असते.