जुना ट्रॅक्टर : रंगवावा की घासून उजळावा?

उसाचा हंगाम संपला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या ट्रॅक्टरवाल्याला दोन कामे आठवतात. एक, कारखान्याकडे राहिलेला वाहतुकीचा हिशेब. दुसरे, ट्रॅक्टरची डागडुजी. इंजिन, क्लच, टायर यांवर खर्च करताना कोणी फारसा विचार करीत नाही, कारण तो केल्याशिवाय चाक फिरत नाही. अडचण होते ती रंगाची. बोनेट फिके पडलेले असते, मडगार्डवर गंज चढलेला असतो. पेंटर म्हणतो, "सगळा खरवडून नवा रंग मारू." शेजारी म्हणतो, "कशाला? कंपाउंड मारून घास, चकाकेल." दोघांच्या सांगण्यात हजारो रुपयांचा फरक असतो आणि हंगामात कमावलेले पैसे मर्यादित असतात.

मी कापडाचा व्यापारी. पण रंग कापडावरचा असो की पत्र्यावरचा, पहिला प्रश्न एकच असतो : तो कच्चा की पक्का? म्हणून या विषयावर चार गोष्टी व्यवहाराच्या नजरेने मांडतो.

रंग फिका का पडतो?

रंग म्हणजे दोन जिन्नसांचा मेळ. एक रंगद्रव्य आणि दुसरे त्याला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. उन्हाने हा चिकट पदार्थ वरच्या वर जळतो आणि रंगद्रव्य भुकटीसारखे सुटे होते. जुन्या बोनेटवरून हात फिरवला की बोटाला पावडर लागते ती हीच. तो वरचा मेलेला पापुद्रा काढला की खाली चांगला रंग मिळतो. घासण्याचे, म्हणजे बफिंगचे, सगळे रहस्य इतकेच आहे. नवीन काही चढत नाही, जुने थोडे उतरते.

लाल रंगाला ऊन फार लागते. महिंद्राचा लाल, मॅसी फर्ग्युसनचे लाल बोनेट ही आपल्या शिवारात रोज दिसणारी उदाहरणे. ज्याला शेड नाही, ज्याचा ट्रॅक्टर बारा महिने गोठ्याबाहेर उभा असतो, त्याचा लाल काही वर्षांत विटकरी आणि पुढे गुलाबी होतो.

पांढऱ्या फडक्याची परीक्षा

कापडाच्या धंद्यात रंग पक्का आहे का हे पाहायला ओल्या पांढऱ्या फडक्याने घासतात. फडक्याला रंग लागला तर माल कच्चा. हीच परीक्षा ट्रॅक्टरवर करता येते, पण निकाल उलटा वाचायचा.

बोनेटचा एक कोपरा साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुवावा. वाळल्यावर पांढऱ्या सुती फडक्यावर थोडे रबिंग कंपाउंड घेऊन वीतभर जागा हलक्या हाताने घासावी. फडक्याला ट्रॅक्टरचाच रंग लागला आणि खालून तजेलदार रंग निघाला, तर तो जुन्या पद्धतीचा साधा इनॅमल आहे, वर पारदर्शक थर नाही, आणि घासून उजळण्याजोगा आहे. जुने ट्रॅक्टर बहुतेक अशाच रंगाचे. फडक्याला रंग न लागता नुसता मळ निघाला, तर वर क्लिअर कोट असावा. तोही घासता येतो, पण त्याची पापडी सुटू लागली असेल तर घासून उपयोग नाही. आणि घासता घासता तांबडा-तपकिरी रेड ऑक्साइड किंवा उघडा पत्रा दिसू लागला, तर तिथेच थांबावे. त्या जागी रंग शिल्लकच नाही.

ध्यानात ठेवावे की पत्र्यावरचा सगळा थर माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपास असतो. प्रत्येक घासणीत त्यातला थोडा जातो. दर दसऱ्याला मशीन लावून चकाकी आणणारा माणूस चार-पाच वर्षांत रंग संपवतो. कडा, कोपरे आणि बोनेटच्या उभ्या घड्या इथे थर मुळातच पातळ असतो. तिथे चिकटपट्टी लावून मशीन दूर ठेवावे, हातानेच काम करावे. शेवटी मेणाचे पॉलिश चढवावे. तो हात सोडला तर उघडा झालेला रंग आणखी लवकर विटतो.

गंज कुठे आहे ते आधी पाहा

फिका रंग ही दिसण्याची गोष्ट आहे. गंज ही पत्र्याच्या आयुष्याची गोष्ट आहे. या दोन्हींची गल्लत केली की पैसे चुकीच्या ठिकाणी जातात.

ट्रॅक्टरवर गंजाच्या जागा ठरलेल्या असतात. बॅटरीचा खण, कारण तिथे आम्ल सांडते. मागच्या मडगार्डची खालची कड, कारण चिखल तिथे साचून राहतो. पायदान आणि चाकाच्या रिमचा आतला भाग, कारण युरिया आणि इतर खतांचे कण ओल धरून ठेवतात. बॅटरीचा खण खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन आम्ल मारावे, मगच तिथे रंगाचा विचार करावा. नाहीतर नवा रंग एका पावसाळ्यात फुगतो.

गंज नुसता वरवर असेल तर पॉलिश पेपरने उतरतो. खड्डे पडले असतील तर तो भाग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडावा, गंजरोधक लावावे, प्रायमर द्यावा आणि वर रंग मारावा. आरपार भोक पडले असेल तर ते काम पेंटरचे नव्हे, वेल्डरचे. भोकावर पुट्टी थापून रंग मारणे म्हणजे फाटक्या सदऱ्याला इस्त्री करणे.

यातून एक मधला मार्ग निघतो आणि बहुतेक शेतकऱ्यांना तोच परवडतो. बोनेट घासून उजळावे, मडगार्ड व बॅटरीचा खण खरवडून नव्याने रंगवावे, रिमला नवा हात द्यावा. इंजिन आणि गिअरबॉक्स हे बिडाचे, जाड भाग. त्यांना गंजाची भीती कमी. त्यांच्यावरचे तेल-ग्रीस डिझेलने धुऊन, मग साबणाने डिझेलही काढून स्वच्छ केले तरी पुरे. तेलकट बिडावर मारलेला रंग टिकत नाही.

हिशेब कसा मांडावा

खाली दिलेले आकडे नुसते रीत दाखवण्यासाठी आहेत. आपल्या गावचे दर घालून ते बदलावेत.

समजा, घासून उजळायला ३,००० रुपये लागले आणि तो उजाळा दीड वर्ष टिकला. वर्षाला २,००० रुपये पडले. समजा, संपूर्ण रंगाला २४,००० लागले आणि तो सहा वर्षे टिकला. वर्षाला ४,००० पडले. फरक दिसतो, पण तो फार मोठा नाही, आणि पत्रा वाचत असेल तर रंग महाग म्हणता येणार नाही.

आता खरी गंमत पुढे आहे. पूर्ण रंगकामाला खरवडणे, प्रायमर, वाळवणे धरून समजा बारा दिवस गाडी उभी राहिली. ऊस वाहतुकीच्या दिवसांत रोजची निव्वळ कमाई २,००० धरली तर २४,००० रुपये बुडाले. म्हणजे तोच रंग ४८,०००ला पडला, वर्षाला ८,०००. मे महिन्यात तेच बारा दिवस फुकट आहेत.

आपल्याकडे गळीत हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. जूनला पाऊस येतो. म्हणून रंगकामाचे खरे दिवस एप्रिल-मे. पुष्कळ लोक दसऱ्याच्या पूजेआधी रंग काढायला धावतात. तेव्हा हवेत ओल असते, पेंटरकडे गर्दी असते आणि कारखान्याची तारीख डोक्यावर असते. ओलसर हवेत डुकोच्या रंगावर पांढरट झाक येते, आणि घाईत प्रायमर नीट वाळत नाही. बेंदराला बैलांची शिंगे रंगवतात, ती हौस आहे आणि ती दरवर्षी करावी. ट्रॅक्टरचे तसे नाही.

विकायचा असेल तर

इथे व्यापाऱ्याचे मत सांगतो. वर्षभरात विकायचा असलेला ट्रॅक्टर पूर्ण रंगवू नये. गिऱ्हाईक इंजिनचा आवाज, हायड्रॉलिक, टायर आणि कागदपत्रे पाहते. ताजा रंग पाहिला की जाणता माणूस खूश होत नाही. तो विचारतो, "याखाली काय झाकले आहे?" फिका पण मूळ रंग हा एक प्रकारचा दाखला असतो. धुऊन, घासून, स्वच्छ करून उभा केलेला ट्रॅक्टर भाव राखतो.

बंद पडलेल्या बनावटीबाबत तर जास्तच जपावे. पिंजोरच्या कारखान्यात १९७१ पासून निघणारे एच.एम.टी. ट्रॅक्टर केंद्र सरकारच्या २०१६च्या निर्णयानंतर बंद झाले. फोर्डच्या नावाचा निळा ट्रॅक्टरही आता नवा मिळत नाही. अशा गाड्यांचा मूळ रंग आणि बोनेटवरची मूळ अक्षरे एकदा खरवडली की तशीच परत मिळणे कठीण. पत्रा शाबूत असेल तर तिथे घासणेच शहाणपणाचे.

घेणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवावेत. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन महापुरांत शिरोळ, करवीर भागात कितीतरी यंत्रे पाण्याखाली गेली. पुरात बुडालेला ट्रॅक्टर नीट खोलून दुरुस्त केला तर चालतो, त्यात वावगे काही नाही. वावगे आहे ते गाळ पुसून, वर रंग मारून, न सांगता विकणे. म्हणून एक लहान चुंबक खिशात ठेवावे. पातळ कागद मध्ये धरून ते मडगार्डवर फिरवावे. जिथे ते पकडत नाही तिथे पुट्टीचा जाड थर आहे. रबरी पाइप, वायरी, नटबोल्ट आणि कंपनीची पाटी यांवर रंगाचे शिंतोडे असतील तर काम घाईचे आहे. हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आणि सीटखालच्या सांध्यांत वाळलेला गाळ आहे का ते पाहावे. गिअरबॉक्सचे तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. ऐब सांगून केलेला सौदा दोन पैसे कमी देतो, पण पुढच्या वेळी तेच गिऱ्हाईक आपल्याच दारात येते. कापडाच्या गादीवर बसून मला तरी याहून मोठा नफा दिसलेला नाही.

कागदपत्रांची बाजू

आर.सी. बुकात गाडीच्या रंगाची नोंद असते. मूळचाच रंग पुन्हा मारला तर प्रश्न नाही. लालचा निळा करायचा असेल तर आधी आर.टी.ओ. कार्यालयात विचारून नोंद बदलून घ्यावी. दुसरे, चासीस नंबर कोरलेल्या जागी पुट्टी किंवा रंगाचे थर चढू देऊ नयेत. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. त्या वेळी नंबराची पेन्सिलने छाप घेतात. अक्षरे उमटली नाहीत तर हेलपाटे ठरलेले. रंगकामाआधी त्या जागेवर चिकटपट्टी लावायला पेंटरला स्वतः सांगावे.

गॅरेजमधल्या पोरांसाठी

आपल्या समाजातली पुष्कळ मुले डेंटिंग-पेंटिंगच्या कामात आहेत. हुनर चांगला आहे, मागणीही आहे. पण दोन धोके कोणी त्यांना सांगत नाही. जुन्या पिवळ्या, नारिंगी, लाल रंगांत शिसे असू शकते. घरगुती व सजावटीच्या रंगांसाठी शिशाची मर्यादा ९० पी.पी.एम. ठरवणारा नियम २०१६चा, आणि तो लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ट्रॅक्टरवर काय आहे हे बघून कळत नाही. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये. वॉटर पेपर पाण्यात भिजवून घासावे, धूळ उडू देऊ नये, हात धुतल्याशिवाय जेवू नये आणि ते कपडे घरात लहान मुलांजवळ नेऊ नयेत.

दुसरा धोका हार्डनर घालून मारायच्या पी.यू. रंगाचा. रंग चकाकतो, टिकतोही चांगला, पण फवारताना हार्डनरमधले आयसोसायनेट छातीत गेले तर कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल ते अडवत नाही. त्याला योग्य फिल्टरचा मास्क आणि मोकळी हवा लागते, आणि बंदिस्त खोलीत बाहेरून हवा पुरवणारा मास्कच हवा. मालकाने मजुरी ठरवताना हा खर्च धरावा आणि गिऱ्हाइकानेही त्यावर घासाघीस करू नये. ज्याच्याकडे मास्क नाही त्याने साधा इनॅमल मारावा, तोंड-नाक झाकूनच. शेतातल्या गाडीला तो पुरतो.

थोडक्यात, फडक्याला रंग लागतो आणि पत्रा शाबूत आहे, तर घासा. पापडी सुटली, खड्डे पडले, तर तेवढाच भाग खरवडून रंगवा. चहूकडे गंज आहे आणि गाडी अजून पाच-सात वर्षे घरात ठेवायची आहे, तर मे महिन्यात पूर्ण रंग काढा. वर्षात विकायची असेल तर साबण, पाणी आणि मेण पुरे. इंजिनचे काम बाकी असेल तर मात्र रंगाचे पैसे आधी तिकडे वळवा, कारण कारखान्याच्या गेटवर ट्रॉली ओढायची असते आणि तिथे बोनेट कोणी पाहत नाही.