कणीपासून बासमतीपर्यंत : तांदूळ निर्यातीचे नियमन

धान्याची निर्यात रोखण्याचा अधिकार केंद्र सरकारला १९९२ च्या विदेश व्यापार (विकास व नियमन) कायद्याने मिळाला असून, विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघताच एखादा माल ‘मुक्त’ वर्गातून ‘प्रतिबंधित’ वर्गात जातो. जगाच्या तांदूळ व्यापारात सुमारे ४० टक्के वाटा असलेल्या देशाच्या हाती हा अधिकार असला, की त्याची झळ सीमेपलीकडेही पोचते.

सप्टेंबर २०२२ मध्ये कणीची, म्हणजे भरडाईत तुटलेल्या तांदळाची, निर्यात बंद झाली आणि बिगरबासमती पांढऱ्या तांदळावर २० टक्के शुल्क बसले. देशात कणी कोंबडीखाद्याला आणि इथेनॉलला लागते हे सरकारने दिलेले कारण खरेच होते. मात्र सेनेगलमध्ये हीच कणी माणसांच्या रोजच्या ताटात असते.

२० जुलै २०२३ रोजी पांढऱ्या तांदळावर थेट बंदी आली. ज्या जहाजांवर माल चढू लागला होता त्यांना सवलत मिळाली, पण सौदा होऊन गोदामात थांबलेल्या मालाला ती नव्हती. उकडा तांदूळ, म्हणजे धान भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडलेला तांदूळ, मोकळा राहिल्याने मागणी तिकडे वळली, म्हणून २५ ऑगस्टला त्यावरही २० टक्के शुल्क आले. आणि पांढरा तांदूळ बासमतीच्या नावाने बाहेर जाऊ नये यासाठी टनाला १२०० डॉलरपेक्षा कमी दराच्या बासमती सौद्यांची नोंदणी थांबवण्यात आली, ही मर्यादा पुढे ९५० डॉलरवर आणावी लागली. एका बंदीची गळती बुजवण्यासाठी दुसरे निर्बंध घालावे लागणे, हा या साधनाचा मूळ दोष आहे. त्याच ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा तांदूळ दर निर्देशांक १५ वर्षांतील उच्चांकावर गेला.

शुल्क लावले तर व्यापार चालू राहतो, सरकारच्या तिजोरीत भर पडते आणि चढ्या जागतिक भावाचा काही अंश तरी धान पिकवणाऱ्यापर्यंत पोचू शकतो. बंदीत ती वाटच उरत नाही, आणि शहरातील ग्राहकाला दिलेल्या दिलाशाचा भार गोंदिया-भंडाऱ्याच्या धान उत्पादकावर पडतो. ग्राहकाचे रक्षण आवश्यकच आहे, पण त्याचा खर्च सरकारने उचलावा, आणि निर्बंध घालायचेच असतील तर ते पेरणीपूर्वी जाहीर करावेत. पांढऱ्या तांदळावरील बंदी सप्टेंबर २०२४ अखेर टनाला ४९० डॉलर या किमान निर्यात दराच्या अटीवर उठली आणि ती अटही ऑक्टोबरमध्ये गेली. मात्र तोवर २०२३ च्या खरिपाचे धान बहुतेक शेतकऱ्यांच्या हातून केव्हाच विकले गेले होते.