पाणी तेच, फक्त आडवे पसरलेले

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा असतो. इतक्या अंतरावरून तो डोळ्यांना दिसतही नाही. नेमबाज काळ्या वर्तुळाच्या आधारे नेम धरतो. आणि संरक्षक चष्म्यावर वाफ धरली, की हे वर्तुळही पुसले जाते. ते पुसणारे थेंब त्या ठिपक्याच्याही शंभराव्या भागाएवढे!

गंमत अशी, की पाणी पारदर्शक आणि काचही पारदर्शक. मग दोन्ही मिळून धूसर कसे होतात? थेंबाच्या आकारामुळे. प्रत्येक थेंब म्हणजे एक फुगीर भिंग. प्रकाश त्यातून वाकतो आणि भलतीकडे जातो. असे असंख्य थेंब शेजारी बसले की पुढचे सगळे पांढुरके. पाणी तेवढेच ठेवून ते सपाट पसरले, तर आरपार स्वच्छ दिसते.

१९११ साली भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी हे सुंदर दाखवले. काचेवरून बारीक ज्योत फिरवली, काच थंड होऊ दिली आणि तिच्यावर श्वास सोडला. सगळी काच धुरकटली, पण ज्योत जिथून गेली होती ती रेघ मात्र स्वच्छ राहिली. त्या रेघेवरही पाणी होतेच. फक्त थेंब न होता ते पसरले होते.

हे पाणी येते कुठून? ३४ अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३७ ग्रॅम वाफ मावते, २६ अंशांच्या हवेत जेमतेम २४. चेहऱ्याच्या घामाची आणि श्वासाची उबदार, दमट हवा गार काचेला टेकली की जास्तीची वाफ तिथेच उतरते. ही आतली वाफ. बाहेरची वाफ वेगळी. जुलैच्या दमट हवेत एसी गाडीतून पुण्याच्या बालेवाडी रेंजवर उतरा, गार चष्मा बाहेरच्या बाजूने धुरकटतो. म्हणून बोट फिरवून आधी बाजू ओळखावी. बाहेरून असेल तर चष्म्याला हवेइतके गरम होऊ द्यायचे, बस. आतून असेल तर चष्मा चेहऱ्यापासून किंचित दूर, वारा खेळेल असा हवा आणि कपाळावर घाम टिपणारी पट्टी.

दुसरा उपाय पाण्याला आडवे पाडण्याचा. साबण पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, त्यामुळे थेंब धरत नाहीत. याची गरज अंतराळातही पडली. ५ जून १९६६ रोजी जेमिनी ९ मोहिमेत अंतराळयानाबाहेर पडलेल्या यूजीन सर्नन यांच्या शिरस्त्राणाची काच श्वासाच्या वाफेने इतकी धूसर झाली, की नाकाने घासून त्यांनी बघायला जागा केली. दोन तासांहून जास्त वेळ ते बाहेर होते आणि पाठीवरच्या यंत्राची चाचणी सोडून द्यावी लागली. त्यानंतर नासाने काचेवर लावायचे द्रावण बनवले. त्यात द्रवरूप डिटर्जंट, शुद्ध पाणी आणि आग न धरणारे तेल होते. अंतराळवीरांच्या काचेला भांड्यांच्या साबणाचा नातलग! बाजारातले अनेक धूसररोधक फवारे आजही याच तत्त्वावर चालतात.

घरी करायचे तर सौम्य द्रवसाबणाचा एक थेंब ओल्या बोटाने काचेवर पातळ पसरावा आणि मऊ कापडाने हलके पुसावा. टूथपेस्ट अजिबात नको. तिच्यातले खरखरीत कण चष्म्याच्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकवर ओरखडे पाडतात. चष्म्याला आधीच धूसररोधक लेप असेल तर मात्र साबण-पुसणे टाळा आणि उत्पादकाची सूचना वाचा, नाहीतर लेपच निघून जाईल.

आणि रेंजवर काच धुरकटलीच, तर चष्मा आहे तिथेच उचलून पुसू नका. नेम थांबवा, नळी लक्ष्याकडेच ठेवून शस्त्र रिकामे करा, खाली ठेवा. चष्मा काढायचा तो गोळीबाराच्या रेषेवरून मागे आल्यावरच.