अर्धवट पीएच.डी. नव्या विद्यापीठात पूर्ण करताना

आज ज्या प्रश्नाबद्दल आपण बोलणार आहोत, तो आमच्यासारख्या मार्गदर्शकांकडे बहुतेक वेळा उशिरा येतो. समजा, कोल्हापूरला चार वर्षं काम केलेली एखादी संशोधक लग्नानंतर नागपूरला गेली. तीन प्रकरणं लिहून झालीत, मुलाखती झाल्यात, आणि सगळं लॅपटॉपमध्ये पडून आहे. 'आता पुन्हा पहिल्यापासून?' एवढ्या धास्तीनंच काम सुटतं.

नियम मात्र तिच्या बाजूचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार, विवाहामुळे किंवा अन्य कारणानं स्थलांतर करणाऱ्या स्त्री संशोधकाला आपला संशोधनाचा डेटा नव्या संस्थेत नेता येतो. २०१६ च्या नियमांतही ही सोय होती. अटी दोन लक्षात ठेवा. ते काम जुन्या संस्थेला किंवा मार्गदर्शकाला मिळालेल्या अनुदानित प्रकल्पाचा भाग नसावं. आणि झालेल्या कामाचं श्रेय जुन्या संस्थेला व मार्गदर्शकाला द्यायलाच हवं. पुरुष संशोधकांचा उल्लेख या कलमात नाही. त्यांनी नव्या विद्यापीठाचे स्वतःचे नियम पाहावेत.

आता नीट ऐका. हे कलम बोलतं ते डेटाबद्दल. कोर्सवर्क मान्य होईल का, आधीची वर्षं मोजली जातील का, हे नव्या विद्यापीठाकडून लेखीच घ्यायचं. तोंडी 'होऊन जाईल' यावर विसंबू नका. कारण मुदत मोठी वाटली तरी भराभर सरते: प्रवेशापासून सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि स्त्रियांना व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर दोन, म्हणजे त्यांच्यासाठी एकूण दहाच्या आत.

गाव सोडण्यापूर्वी जुन्या विभागाकडून काय घ्यायचं? कोर्सवर्कची गुणपत्रिका, नोंदणीचं पत्र, संशोधन सल्लागार समितीचे प्रगती अहवाल, ना हरकत पत्र आणि कोणतं काम किती झालं याची मार्गदर्शकाच्या सहीची यादी. ही यादी पुढे श्रेयाचा वादच होऊ देत नाही.

नवा मार्गदर्शक निवडतानाही हिशेब असतो. प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच संशोधक असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल, तर त्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. तेव्हा आधी जागा आहे का, ते विचारा.

शेवटचं आम्हा मार्गदर्शकांसाठी. दुसऱ्याच्या हाताखाली सुरू झालेलं काम आलं की आपल्याला पहिला मोह होतो तो विषय बदलण्याचा. तो आवरू या. पहिल्या भेटीत सगळं काम टेबलावर मांडायला सांगू: लिहून झालेलं, गोळा झालेलं पण न लिहिलेलं, आणि अजून हातच न लावलेलं. तिसरा ढीग शक्य तितका छोटा करायचा. आराखड्यात तीन जिल्हे असतील आणि दोन जिल्ह्यांचा डेटा भक्कम असेल, तर व्याप्ती कमी करायचा प्रस्ताव सल्लागार समितीपुढे ठेवता येतो. मग न लिहिलेल्यातलं सर्वांत सोपं प्रकरण आधी लिहायला घ्यायचं. थांबलेला हात एकदा चालू लागला, की अवघड प्रकरणाकडे वळायचं धाडसही येतं.