आरोग्याचे पासबुक

झाशी शहराच्या जुन्या तटबंदीला दहा दरवाजे आहेत. खंडेराव गेट हा त्यांपैकी एक. १७४२ मध्ये नारोशंकर झाशीचे सुभेदार झाले आणि पुढे या शहरात मराठी कुटुंबे स्थिरावली. आज खंडेराव गेट परिसरातील एखादे मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. आजी-आजोबा झाशीत, मुलगी ग्वाल्हेरला, मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात. आजोबांच्या मधुमेहावर झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात उपचार, हृदयाची तपासणी ग्वाल्हेरला आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुण्यात. तीन शहरे, तीन रुग्णालये, तीन नोंदणी क्रमांक! आजोबांच्या प्रकृतीचा संपूर्ण इतिहास यांपैकी एकाही फाईलमध्ये नाही. तो एकत्र ठेवू शकेल असे एकच ठिकाण उरते, ते म्हणजे त्यांचे स्वतःचे घर.

दिव्याखाली अंधार

प्रत्येक मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय अभिलेख विभाग असतो. रुग्ण घरी गेल्यावर त्याचे कागद तपासणे, अपुऱ्या नोंदी डॉक्टरांकडून पूर्ण करून घेणे, जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार आजाराला सांकेतिक क्रमांक देणे आणि मागताक्षणी फाईल हजर करणे, हे या विभागाचे काम. या व्यवसायाची पहिली मोठी संघटना १९२८ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या अभिलेख-ग्रंथपाल ग्रेस व्हायटिंग मायर्स या तिच्या पहिल्या अध्यक्षा. भारतात वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि पुद्दुचेरीची जिपमेर यांसारख्या संस्थांनी या विषयाचे रीतसर शिक्षण दिले आहे.

हजारो रुग्णांच्या नोंदी जिवापाड जपणाऱ्या या मंडळींनी स्वतःची आरोग्य-फाईल ठेवली आहे काय, हा प्रश्न त्यांच्या व्यवसायातही विचारला गेला. लोकांना वैयक्तिक आरोग्य नोंदीचे महत्त्व पटवायचे, तर आरंभ स्वतःपासून व्हावा, हा त्यामागील विचार. बँक कर्मचाऱ्यांना हा प्रश्न परका वाटू नये. दिवसभर इतरांच्या खात्यांचा ताळमेळ घालणाऱ्याच्या घरी स्वतःच्या ठेवींची पावती वेळेवर सापडतेच असे नाही.

जाणकारांची शिस्त

अभिलेख विभागातील काही सवयी घरच्या फाईलला जशाच्या तशा लागू पडतात.

पहिली सवय नावाची. मराठी पद्धतीत स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. उत्तरेकडील नोंदणी खिडकीवर मधले नाव बहुधा गळते आणि आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग बदलते. एकाच व्यक्तीच्या मग दोन व्यक्ती होतात. ओळखपत्रावरील नावच सर्वत्र सांगावे आणि प्रत्येक रुग्णालयाचा नोंदणी क्रमांक फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

दुसरी सवय सारांशाची. पहिल्या पानावर रक्तगट, जुने आजार, झालेल्या शस्त्रक्रिया व त्यांची वर्षे, ज्या औषधांची अॅलर्जी आहे त्यांची नावे आणि चालू औषधे असावीत. औषधाचे केवळ व्यापारी नाव पुरेसे नाही, कारण झाशीत मिळणारे नाव पुण्यात मिळेलच असे नाही. मूळ घटक आणि मात्रा लिहावी. रक्त पातळ करणारे औषध चालू आहे, ही एक ओळ दात काढण्यापूर्वी दंतवैद्याच्या दृष्टीस पडली नाही, तर रक्तस्राव थांबविणे अवघड होऊ शकते. पेनिसिलिनच्या अॅलर्जीची नोंद नसेल, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो.

तिसरी सवय तारखेची. झाशीत ज्याला पर्चा म्हणतात तो केसपेपर, तपासण्यांचे अहवाल आणि डिस्चार्ज कार्ड तारखेच्या क्रमाने लावावे. एकटा अहवाल त्या दिवसापुरते सांगतो. ओळीने लावलेले पाच अहवाल साखर वाढते आहे की आटोक्यात आहे, हे सांगतात. प्रयोगशाळेनुसार सामान्य मर्यादा थोड्या बदलतात, म्हणून आकड्यासोबत तीही जपावी.

चौथी सवय टिकाऊपणाची. ईसीजीचा कागद उष्णतेने उमटणारा असतो आणि काही वर्षांत तो पुसट होतो. त्याची झेरॉक्स किंवा स्कॅन प्रत लगेच काढावी. स्टेंट, पेसमेकर किंवा डोळ्यातील कृत्रिम भिंग यांचे कार्ड अथवा स्टिकर कधीही टाकून देऊ नये.

कागद मागण्याचा हक्क

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. अर्थात तीन वर्षांनंतर कागद मिळतीलच याची खात्री नाही. म्हणून घरी परतण्यापूर्वीच प्रती मागून घेणे शहाणपणाचे.

आरोग्य विम्यातही या फाईलला रोख मोल आहे. प्रस्ताव अर्जात पूर्वीचे आजार खरे सांगावे लागतात. एखादा आजार पॉलिसी घेण्यापूर्वीचा की नंतरचा, असा वाद निघाला, तर तारखेसह जपलेला निदानाचा कागदच साक्ष देतो. २०२४ मध्ये विमा नियामकाने पूर्वीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणला. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यानंतर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती दडविल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. तोवर मात्र कागद हाच आधार.

आभा क्रमांक

सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यातील आभा हा चौदा अंकी क्रमांक ऐच्छिक आहे. नोंदी एका मध्यवर्ती कोठारात न जाता ज्या त्या रुग्णालयातच राहतात आणि रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरांना दिसतात. झाशी, ग्वाल्हेर आणि पुणे यांना जोडणारा हा धागा उपयुक्त खराच. परंतु रुग्णालय या योजनेत सहभागी असेल आणि नोंद आभाशी जोडली असेल, तरच तो उपयोगी पडतो. जुने कागद आपोआप त्यात येत नाहीत. ते स्कॅन करून चढवावे लागतात.

गोपनीयतेचे भान येथेही हवे. खात्याचा ओटीपी कोणास सांगत नाही, तसाच आभाचाही सांगू नये. अहवाल नातेवाइकांच्या मोबाइल गटावर पाठविण्याचा मोह टाळावा. एक सूचना बँकेच्या ग्राहकांसाठी खास : मूळ दागिने व दस्तऐवज लॉकरमध्ये सुरक्षित असतात, आरोग्याची फाईल मात्र तेथे ठेवू नये. रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले, तर शाखा उघडण्याची वाट पाहता येत नाही. फाईल घरात ठराविक जागी असावी आणि ती जागा किमान दोघांना ठाऊक असावी.

पासबुकात नोंद करून घेण्यासाठी ग्राहक आवर्जून शाखेत येतात. वर्षातून एक दिवस, वाढदिवसाचा म्हणा, आरोग्याच्या पहिल्या पानासाठी राखून ठेवावा : बंद झालेली औषधे खोडावी, नवी लिहावी. अर्ध्या तासाचे काम आहे.