विणकाम की कॉलेज?

लग्नानंतर दहा-पंधरा वर्षांनी आपली एखादी भगिनी ब्रह्मपुरी, मूल किंवा आरमोरीला बी.ए.ला नाव घालते आणि घरातून पहिला सल्ला येतो, ‘आता ते लोकरीचे चाळे सोड!’ बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत, हेही ऐकवले जाते. स्वयंपाक, धुणी, पाणी सोड असे मात्र कुणी म्हणत नाही. तिचे तास खातात ते हे. स्वेटरच्या चार ओळी नव्हेत.

आणि बाबासाहेबांचेच सांगायचे तर त्यांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते, चित्रेही काढून पाहिली होती. घटनेच्या शिल्पकाराला छंद चालतो, घरातल्या विद्यार्थिनीला नाही?

विदर्भातील महारांच्या घरी एकेकाळी जाडेभरडे कापड विणले जाई. ते पोटासाठी होते. गिरण्यांच्या कापडापुढे ते टिकले नाही. आज सुया हाती घेणारी बाई स्वतःच्या हौसेने विणते. हा फरक लहान समजू नये.

२०११ मध्ये गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झाले आणि नागपूरच्या खेपा वाचल्या. तरी सिरोंचाहून गडचिरोलीला यायचे तर दिवस एस.टी.तच जातो. २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, पण वेळ पूर्ण लागतो. त्या हेलकाव्यांत पुस्तक वाचवत नाही, टाके मात्र घालता येतात.

परीक्षेच्या महिन्यात सुया ठेवायच्या की नाही, हे तिचे तिने ठरवावे. त्या महिन्यात भात नवऱ्याने शिजवावा. विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर महिला मंडळाने हा विषय पुरुषांसमोर एकदा काढावाच.