धावण्यापेक्षा थांबणं अवघड

जानेवारी २०१८मध्ये बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात महाराष्ट्र ओपनच्या अंतिम सामन्यासाठी दोन खेळाडू कोर्टवर आले, तेव्हा त्यांच्यातला फरक स्टँडच्या सगळ्यात वरच्या रांगेतूनही दिसत होता. एकीकडे दक्षिण आफ्रिकेचा केव्हिन अँडरसन. उंची सहा फूट आठ इंच, चारच महिन्यांपूर्वी अमेरिकन ओपनची अंतिम फेरी गाठलेला, सर्व्हिस तोफेसारखी. समोर फ्रान्सचा जिल सिमोन, ३३ वर्षांचा, सडपातळ, बिगरमानांकित. उपांत्य फेरीत त्याने अव्वल मानांकित मारिन चिलिचला हरवलं होतं. अंतिम सामना त्याने ७-६, ६-२ असा जिंकला.

सिमोनकडे डोळे दिपवणारा एकही फटका नव्हता. तो जिंकत होता तो पायांवर. चेंडू कुठेही आला तरी तो आधीच तिथे असायचा आणि मुख्य म्हणजे तोल सांभाळून असायचा. बालेवाडीतल्या त्या स्पर्धेपासून मी टेनिस वेगळ्या पद्धतीने बघायला लागलो. काही गेम चेंडूकडे बघायचंच नाही, फक्त एकाच खेळाडूच्या कंबरेखालचं शरीर बघायचं. त्यासाठी कोर्टच्या बाजूचा, खालचा स्टँड उत्तम. दूरचित्रवाणीवर कॅमेरा उंचावरून आणि मागून दाखवतो, त्यामुळे कोर्ट सपाट होतं आणि पायांचं काम जवळजवळ दिसेनासं होतं. जवळून बघताना आधी आवाज येतो: बुटांचा कर्कश चीत्कार, आणि त्याच्या मध्येमध्ये बारीक पावलांची टपटप.

पहिली गोष्ट लक्षात येते ती ही की प्रतिस्पर्धी चेंडू मारतो त्या क्षणी खेळाडू जमिनीवर नसतो. तो नुकताच हलकेच उडालेला असतो, दोन-तीन इंच. प्रशिक्षक याला ‘स्प्लिट स्टेप’ म्हणतात. चेंडू समोरच्या रॅकेटवरून सुटतो आणि हा चवड्यांवर उतरतो. उतरताना गुडघे आणि घोटे किंचित दुमडतात, पोटऱ्या आणि टाचेमागचा जाड स्नायुबंध ताणला जातो आणि त्याच ताणातून पुढची झेप निघते. आणखी बारकाईने बघितलं तर चांगल्या खेळाडूचे दोन्ही पाय एकाच वेळी टेकत नाहीत. चेंडू उजवीकडे येणार हे ओळखलं की डावा पाय किंचित आधी टेकतो आणि शरीराला उजवीकडे ढकलतो. म्हणजे निर्णय हवेतच झालेला असतो. ताशी २०० किलोमीटरची सर्व्हिस परतवणाऱ्यापर्यंत पोचायला साधारण अर्धा सेकंद लागतो. एवढ्या वेळात आधी उभं राहून, मग ठरवून, मग पळून चालत नाही. ही उडी प्रत्येक फटक्याला, चार-पाच तास, न चुकता मारावी लागते. दमलेला खेळाडू मला सगळ्यात आधी इथेच ओळखू येतो. धाप लागलेली दिसण्याच्या कितीतरी आधी त्याची ती उडी बंद झालेली असते.

एकेरीच्या कोर्टची रुंदी ८.२३ मीटर, म्हणजे मध्यावर उभ्या असलेल्या खेळाडूपासून कडेची रेषा चार मीटरच्या आसपास. अंतर मोठं नाही. पण तिथे जायचं, मारायचं आणि लगेच परत यायचं असतं. शंभर मीटर पळणाऱ्याला शर्यत संपल्यावर वेग कमी करायला मोकळी जागा असते. टेनिसपटूला पूर्ण वेगात असताना दोन पावलांत थांबायचं असतं, थांबताथांबता चेंडू मारायचा असतो आणि पुढच्या पावलाला उलट दिशेला निघायचं असतं. माझ्या मते या खेळात खरा कस धावण्याचा नाही, थांबण्याचा लागतो. आणि थांबण्यासाठीच लवचीकपणा लागतो.

नोव्हाक जोकोविचचं घसरणं बघा. पूर्वी घसरणं हे लाल मातीच्या कोर्टचं वैशिष्ट्य होतं. फ्रेंच ओपनच्या रोलां गॅरोस कोर्टवर विटांच्या भुकटीचा थर असतो, त्यावर पाय आपोआप सरकतो. हार्ड कोर्टवर बूट पकडून ठेवतो, तिथे घसरणं म्हणजे घोटा मुरगळून घेणं असं मानलं जायचं. बेल्जियमच्या किम क्लाइस्टर्सने ते हार्ड कोर्टवर करून दाखवलं, तेही पाय जवळजवळ सरळ रेषेत फाकवून. तिची आई जिम्नॅस्ट होती. जोकोविचने त्याचं शास्त्र केलं. उजवीकडच्या लांबच्या चेंडूवर तो जातो तेव्हा शेवटचं पाऊल खूप लांब टाकतो. उजवा पाय तळव्याच्या आतल्या कडेवर भार घेत सरकतो, डावा पाय मागे पसरून अंगठ्याच्या टोकावर ओढला जातो, जांघा इतक्या उघडतात की मागचा गुडघा जमिनीपासून वीतभर राहतो. आणि या सगळ्यावर धड मात्र ताठ, डोकं स्थिर. घसरणं जिथे संपतं तिथेच फटका बसतो. त्या क्षणी उजवा पाय परत ढकलायला तयार असतो.

ज्याला असं घसरता येत नाही, तो चेंडू मारून दोन-तीन पावलं बाहेर वाहत जातो आणि तेवढीच पावलं परत येतो. तोवर मोकळ्या कोर्टमध्ये चेंडू पडलेला असतो. घसरण्यामुळे ती पावलं वाचतात. शिवाय थांबण्याचा धक्का एका ठोक्यात गुडघ्यावर येण्याऐवजी मीटर-दीड मीटरच्या घसरणीत विभागला जातो. पण त्यासाठी जांघेचे आणि मांडीमागचे स्नायू पूर्ण ताणलेल्या अवस्थेतही जोर लावू शकले पाहिजेत. नुसते ताणले जाऊन उपयोग नाही. जोकोविचच्या वडिलांच्या घरात स्कीइंग होतं आणि त्याचं बालपण कोपाओनिकच्या बर्फाळ डोंगरावर गेलं. एका पायाच्या कडेवर भार टाकून वळणं त्याच्या अंगात टेनिसच्या बरोबरीने आलं. यानिक सिनरही लहानपणी इटलीतला अव्वल स्कीपटू होता. त्याला हार्ड कोर्टवर घसरताना बघितलं की हा योगायोग वाटत नाही.

जोकोविचची पहिली गुरू येलेना गेन्चिच हिने त्याला लहानपणीच अंग ताणण्याची सवय लावली. पुढे योगासनं त्याच्या दिनक्रमात आली. २०१२च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात तो आणि राफाएल नदाल ५ तास ५३ मिनिटं खेळले. बक्षीस समारंभात भाषणं लांबली तेव्हा दोघांना उभं राहवेना, त्यांच्यासाठी खुर्च्या आणाव्या लागल्या. तो सामना जोकोविचने पाचव्या सेटमध्ये ७-५ असा जिंकला. जून २०२४मध्ये फ्रेंच ओपनदरम्यान गुडघ्यातली कूर्चा (मेनिस्कस) फाटून त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. जुलैच्या मध्यावर तो विम्बल्डनच्या अंतिम फेरीत होता, आणि ४ ऑगस्टला, ३७व्या वर्षी, त्याच पॅरिसमध्ये त्याने ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं. अशा सावरण्यात शल्यचिकित्सकांचा, नशिबाचा वाटा असतोच. पण त्या शरीराची तीस वर्षांची मशागतही त्यात आहे, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. थांबण्याचा आणि वळण्याचा सगळ्यात मोठा भार खुब्यावर येतो. आजचा फोरहँड पाय उघडे ठेवून, बाहेरच्या पायावर बसून आणि त्याच पायाभोवती कंबर फिरवून मारला जातो. खुब्याच्या सांध्याला फिरायला जागा नसेल तर ते फिरणं शरीर दुसरीकडून वसूल करतं, पाठीच्या खालच्या मणक्यांतून किंवा गुडघ्यातून. अँडी मरे हा त्याच्या पिढीतला विलक्षण चपळ खेळाडू. जानेवारी २०१९मध्ये त्याच्या खुब्यात धातूचा सांधा बसवावा लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँटवर्पची स्पर्धा त्याने जिंकली, हे त्याच्या जिद्दीचं. पण पूर्वीची चपळाई परत आली नाही. आणि २०२२च्या फ्रेंच ओपनच्या उपांत्य सामन्यात अलेक्झांडर झ्वेरेव्हचा उजवा घोटा बाहेरच्या बाजूला वळला, ते दृश्य मला अजून बघवत नाही. तीन तास नदालशी झुंजलेला तो उंच खेळाडू चाकांच्या खुर्चीतून बाहेर गेला. कितीही तयारी असली तरी वेगात असलेल्या शरीराला जोखीम चुकत नाही.

रॉजर फेडररचं पायांचं काम याहून वेगळं, आणि मला व्यक्तिशः जास्त आवडणारं. तो घसरायचा कमी. चेंडूजवळ पोचताना त्याची पावलं लहानलहान होत जायची आणि प्रत्येक पाऊल अंतर थोडं दुरुस्त करायचं, त्यामुळे शेवटी त्याला कुठे ओणवं व्हावं लागत नसे, हात लांबवावा लागत नसे. त्याचे बूट फारसे वाजायचे नाहीत. फटका मारून तो कोर्टच्या मध्यावर परत यायचा असंही नाही. मध्यावर नाही, तर प्रतिस्पर्ध्याला जे कोन उपलब्ध आहेत त्यांच्या मधोमध तो उभा राहायचा. कधी ती जागा मध्यरेषेपासून हातभर बाजूला असे. तो हातभराचा फरक सामन्यात शेकडो वेळा वाचतो. पिएर पागानिनी हा त्याचा तंदुरुस्ती प्रशिक्षक २०००पासून अखेरपर्यंत त्याच्याबरोबर होता. फेडरर दीड हजारांहून जास्त सामने खेळला आणि सुरू झालेला एकही सामना त्याने अर्धवट सोडला नाही. फेब्रुवारी २०१८मध्ये, ३६व्या वर्षी, तो पुन्हा जगात पहिल्या क्रमांकावर होता.

उंच, ताकदवान सर्व्हिसवाल्यांना हे लागू नाही, असं कुणी म्हणेल. बालेवाडीतच पुढच्या वर्षी, २०१९ला, अंतिम सामना अँडरसन आणि सहा फूट अकरा इंचांचा इव्हो कार्लोविच यांच्यात झाला. तीनही सेट टायब्रेकवर गेले आणि अँडरसन जिंकला. रॅली मोजक्याच. पण सर्व्हिस हीसुद्धा हालचालच आहे, आणि ती खांद्यातून सुरू होत नाही. गुडघे वाकतात, पाय जमीन ढकलतात, खुबा पुढे जातो, धड पिळतं आणि मग कुठे खांदा, कोपर, मनगट. रॅकेट पाठीमागे खाली लोंबतं तेव्हा दंड इतका मागे फिरलेला असतो की कोपरापुढचा हात जवळजवळ जमिनीला समांतर होतो. पाय आणि कंबर यांनी आपला वाटा दिला नाही तर तो सगळा वेग एकट्या खांद्याला काढावा लागतो. वर्षानुवर्षं सर्व्हिस करून खेळणारा खांदा मागे जास्त फिरतो आणि आत कमी. म्हणून फिजिओ दोन्ही खांदे ताडून बघतात, आणि खेळाडू कुशीवर झोपून दुसऱ्या हाताने तो हात जमिनीकडे दाबत राहतात. कंटाळवाणा व्यायाम आहे. त्यावर कारकिर्दीची वर्षं अवलंबून असतात.

सराव कोर्टाशेजारी उभं राहिलं की आणखी एक बदल दिसतो. सामन्याआधी कुणी जमिनीवर बसून पायाचे अंगठे धरून बसत नाही. बराच वेळ एकाच जागी ताणून धरलेला स्नायू लगेचच्या झेपेसाठी थोडा मंदावतो, म्हणून ते काम सामन्यानंतरचं. आधी असतात लांब पावलं टाकत धड फिरवणं, उभ्याने पाय पुढे-मागे आणि आडवे झुलवणं, गुडघ्यांवर रबरी पट्टा अडकवून कडेकडेने चालणं, दोरीच्या उड्या, आणि प्रशिक्षकाने सोडलेला चेंडू दुसऱ्या टप्प्याआधी झेलणं. पंधरा-वीस मिनिटं रॅकेट पिशवीतच.

आपल्याकडच्या शहरांतल्या टेनिस अकादम्यांत मात्र चित्र बहुतेकदा उलटं दिसतं. दहा वर्षांचं पोर बेसलाइनवर उभं, प्रशिक्षक टोपलीतून चेंडू देतोय, तेही थेट हाताशी. पालक जाळीपलीकडून फोरहँडची चित्रफीत काढताहेत. त्या मुलाला थांबायला कुणी शिकवलेलं नसतं. पंधराव्या वर्षी गुडघा किंवा पाठ दुखायला लागली की मग फिजिओकडे धाव. वास्तविक लंगडीत मूल एका पायावर उतरायला आणि तोल सावरायला शिकतं. खो-खोत ते पूर्ण वेगात असताना दिशा बदलायला शिकतं, पाठलाग करताना उकिडव्यातून उठून पहिलं पाऊल टाकायला शिकतं. टेनिसपटूच्या पायांना जे लागतं त्यातलं पुष्कळसं या दोन खेळांत आहे, आणि त्यांना खर्च काही नाही.

पालकांना आणि प्रशिक्षकांना माझी विनंती एवढीच: तासाभराच्या सरावातली पहिली वीस मिनिटं रॅकेटशिवाय ठेवा. उडी मारून नीट उतरणं, एका पायावर थांबणं, बाजूला जाऊन परत येणं, खुबे मोकळे करणं, हे रोज करून घ्या. बारा-तेराव्या वर्षापर्यंत मुलाला टेनिसच्या जोडीने दुसरा एखादा खेळ खेळू द्या. फोरहँड नंतरही सुधारता येतो.